सोपानकाकांची ताडपत्री

सोपानकाकांच्या लेखी मी म्हणजे वजन. "वजन उतरलं का?" "वजनानं पानी पिलं का?" "वजनाला सांगा, उतारावर मागं रेलू नका म्हनावं." हे सगळं ते माझ्यासमोर, माझ्याविषयी, तिसऱ्याच कुणाला तरी सांगत, आणि तिसरं कुणी नसलं तर घोडीला सांगत. तळवड्याच्या कंपनीत माझ्या हाताखाली अकरा माणसं होती आणि ती मला वचकून असत. काकांच्या वहीत माझी नोंद होती ती अशी: वजन बासष्ट, खोगिरासकट सत्तर. एका दिवाळीनंतर त्यांनी बासष्ट खोडून चौसष्ट केलं आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे नुसतं बघितलं. मी त्या आठवड्यात फराळाचा डबा उघडला नाही.

आता मी नाशिकला असते. इथेही घोडे आहेत, राइड आहेत, सोबतीला माणसं आहेत. पण पाण्याच्या जागेपाशी घोडा थांबला की माझी नजर अजून जमिनीवर पिवळ्या रेघा शोधते. त्या रेघांबद्दल सांगायचं तर आधी या खेळाबद्दल थोडं सांगायला हवं.

एन्ड्युरन्स राइड म्हटलं की लोकांना रेसकोर्स आठवतो. तसं काही नसतं. चाळीस, साठ, ऐंशी किलोमीटर घोड्यावरून जायचं, तेही शेतरस्त्यांनी, कॅनॉलच्या कडेनं, डोंगराच्या पायथ्यानं. पहिलं कोण आलं यापेक्षा घोडं कसं आलं हे महत्त्वाचं. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी घोड्यांचे डॉक्टर बसलेले असतात. वीस मिनिटांत घोड्याचे ठोके चौसष्टच्या आत यायला हवेत, तो लंगडता कामा नये, पोटात आवाज हवेत, हिरड्या ओल्या हव्यात. एवढं असेल तर पुढे जा, नाहीतर खोगीर काढा आणि घरी जा. सगळं अंतर पार करून शेवटच्या टेबलापाशी बाद झालेली चांगली थोराड माणसं मी रडताना पाहिली आहेत. एकदा त्यांत मीही होते.

म्हणून या खेळात वर बसलेल्यापेक्षा खाली उभी असलेली माणसं मोठी. वाटेत ठरलेल्या ठिकाणी ती पाणी घेऊन थांबतात, घोड्याला थंड करतात, खायला घालतात, नाल बघतात आणि पुन्हा वाटेला लावतात. इंग्रजीत त्यांना क्रू म्हणतात. सोपानकाका 'खालची पार्टी' म्हणत.

आमची गाठ पडली ती माझ्या फजितीच्या दिवशी. चाळीस किलोमीटरची राइड, घोडा चिखलीच्या घोडेस्वारीच्या शाळेचा आणि खालची पार्टी म्हणजे ऑफिसातला प्रसाद. प्रसाद गुणी माणूस, पण मोबाइलच्या नकाशावर त्याचा देवासारखा विश्वास. नकाशानं बावीस मिनिटं दाखवली म्हणून हा बरोबर बावीस मिनिटं आधी घरून निघाला. सकाळची वेळ, चाकणचा चौक, शिफ्टच्या बसगाड्या आणि कंटेनरांची रांग. मी कॅनॉलच्या पुलापाशी पोचले तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. घोड्याच्या मानेवर घामाचं मीठ वाळून पांढरं झालं होतं आणि माझी बाटली रिकामी होती.

पुलापलीकडे एक म्हातारा आपल्या घोडीला पाणी पाजत होता. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात कंपनीचा विटका निळा शर्ट, खाली पायजमा आणि पायांत लोखंडी टोपणाचे सेफ्टी शूज. मी घोडा तिकडे वळवला.

"उतरा आधी," तो म्हणाला.

"काका, थोडं पाणी मिळालं असतं तर—"

"पानी मिळंल. आधी उतरा. त्याला धाप लागलीया आन् तुमी वर बसून बोलताय."

मी उतरले. त्यानं मला बाजूला केलं, खोगिराचा पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, सैल केला, घोड्याच्या मानेवर, छातीवर, पायांच्या आतल्या बाजूला पाणी ओतलं. ओतायचं, हातानं निपटून काढायचं, पुन्हा ओतायचं. पाठीकडे मी ओंजळ नेली तर माझ्या मनगटावर चापट बसली. "पाठीवर न्हाई. मानंवर." मग जबड्याखाली दोन बोटं लावून, घड्याळाकडे बघत तो मोजत राहिला.

"तुमची मानसं कुठं हायेत?"

"चाकणच्या चौकात अडकलीत."

"मंग ती तुमची न्हाईत. चौकाची हायेत."

मला राग आला होता, पण रागवायला अंगात जीव नव्हता. घोडा मात्र मान खाली घालून शांत उभा होता. त्या दिवशी आम्ही पास झालो. संध्याकाळी मी पेढ्यांचा पुडा घेऊन विचारत विचारत त्यांच्या गावी गेले. चाकणच्या उत्तरेला, भामा नदीच्या अंगाला त्यांचं घर. अंगणातून एकीकडे कांद्याचं शेत दिसे आणि दुसरीकडे कारखान्यांचे पत्रे. पेढे त्यांनी न बघता आत काकींकडे दिले.

"घोडा कसा हाय?" त्यांनी विचारलं.

"बरा आहे. मीपण बरी आहे."

"तुमचं कुनी इचारलं? पुडची राइड कधी?"

अशी माझी नेमणूक झाली. मी त्यांना नेमलं असं मी बरेच दिवस समजत होते, ती गोष्ट वेगळी.

काकांनी एकतीस वर्षं पिंपरीच्या एका कंपनीत प्रेस शॉपच्या मेंटेनन्सला काढली होती. डाव्या गुडघ्यावर एकदा लोखंडी साचा घसरला, तेव्हापासून ते त्या पायावर किंचित दबून चालत. त्याच गुडघ्यामुळे त्यांची घोड्यावरची बैठक सुटली. तोवर ते घाटातले नावाजलेले घोडेस्वार होते. आमच्या बाजूला घाटात, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलांच्या पुढे घोडी पळवतात. वर स्वार, मागून चार बैल सुटलेले, दोन्ही अंगांना हजारो माणसं आरडत असतात. पंधरा-वीस सेकंदांचा खेळ. त्यात सोपानकाका घोडी धरत, आणि सोमवारी पहिल्या शिफ्टला मशीनखाली झोपून नटबोल्ट आवळत. या दोन्ही शाळा त्यांच्या अंगात उतरल्या होत्या.

त्याचा पुरावा म्हणजे ताडपत्री. कारखान्यात हत्यारांच्या फळ्यावर प्रत्येक पान्याच्या आकाराची रेघ काढलेली असते. पाना जागेवर नसला की रिकामी रेघ लांबून ओरडते. काकांनी जुन्या ताडपत्रीवर पिवळ्या ऑइलपेंटनं तसंच करून घेतलं होतं. तीन गोल तीन बादल्यांचे. चौकोन स्पंजचा. लांबट आकार खूर कोरायच्या हत्याराचा. मग मिठाच्या पाण्याचा डबा, भिजवलेला कोंडा, लसूणघासाची पेंढी, जास्तीचा तंग. डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमानं लागतात त्या क्रमानं. कोपऱ्यात एक छोटा चौकोन आणि त्यात अक्षरं: वजन. तिथे माझी पाण्याची बाटली, एक केळं आणि शेंगदाण्याची चिक्की. मी त्या चौकोनात बसावं अशीच त्यांची अपेक्षा असावी, पण तो फारच लहान होता.

"एवढं आखून कशाला?" प्रसादनं पहिल्याच दिवशी विचारलं. त्याची हकालपट्टी झाली नव्हती. काकांनी त्याला ठेवून घेतलं होतं, शिकाऊ म्हणून. बत्तीस वर्षांचा इंजिनिअर गपचूप शिकाऊ झाला.

"मी उंद्या नसलो तं? मानूस चुकतंय, घाबरतंय. ताडपत्री घाबरत न्हाई."

स्पंज चुकून बादलीच्या गोलात ठेवला म्हणून त्यांनी प्रसादला सगळं उचलून पुन्हा मांडायला लावलं. एकदा नव्हे, तीनदा. प्रसाद घरी जाताना गाडीत मला म्हणाला, "आपल्या कंपनीत हा माणूस आला तर मी राजीनामा देईन." पुढच्या रविवारी तोच माझ्याआधी काकांच्या अंगणात हजर होता.

काकांचा घोड्याशी बोलण्याचा एक आवाज होता आणि माणसांशी बोलण्याचा दुसरा. घोड्याशी बोलताना ते जवळजवळ कुजबुजत. घोडी कशी आहे हे टप्प्यावर ते माणसांना विचारतच नसत. मी टप्पा संपवून आले आणि म्हणाले, "छान पळाली, एकदम फ्रेश आहे," की ते ऐकू न आल्यासारखं करून घोडीचा ओठ वर करत आणि हिरडी दाबून बघत. "मानसाला इचारायचं नसतं," ते प्रसादला शिकवत, "त्येला बरं वाटायला पायजे असतंय. घोडीला इचारायचं. तिला कुनाला बरं वाटवायचं न्हाई."

आणि ते कधीच उशिरा येत नसत. मी पोचायच्या तासभर आधी त्यांची मोपेड तिथे लागलेली असे. चाकणचा चौक त्यांना अडवूच शकत नव्हता, कारण ते चौकात जातच नसत. पाणंदी, बांध, कंपन्यांच्या मागच्या भिंती, सगळे रस्ते त्यांना पाठ. कुठली कंपनी किती वाजता सुटते हेही पाठ. राइड आखणाऱ्या मंडळींनी एकदा तळेगाव रस्ता ओलांडायची वेळ सात ठेवली. काका त्यांच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "सातला रस्ता कंपन्यांचा असतो. पावनेसातला घोड्यांचा करा." त्यांनी ऐकलं नाही. सात वाजता रस्त्यावर बसगाड्यांची रांग आणि अलीकडे बावीस घोडी अडकलेली. काकांनी शर्टाच्या खिशातून कंपनीतली जुनी शिट्टी काढली, लाल फडकं धरलं आणि सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. पहिल्या बसचा ड्रायव्हर चिडून खाली उतरला, आणि बघतो तर, "आयला, सोपानभाऊ!" तो त्यांच्या जुन्या रूटचा निघाला. बावीस घोडी दोन्हीकडे थांबलेल्या गाड्यांमधून राजासारखी निघून गेली. पुढच्या वर्षी कागदावर पावणेसात छापून आलं.

आता हरणीकडे येते. हरणी म्हणजे पहिल्या दिवशी पुलापाशी पाणी पीत होती ती काकांची घोडी. रंग हरणाचा, उंची बेताची, कान सदानकदा ताठ. घाटात तिनं तीन-चार वर्षं काढली होती. काकांचा गुडघा गेला, मग पुतण्या तिच्यावर बसे; पुढे मधल्या काळात शर्यती बंद पडल्या आणि ती अंगणात उभी राहिली. शर्यती पुन्हा सुरू झाल्या तोवर ती अकराची झाली होती. काकांचे धाकटे भाऊ म्हणाले, आता तिचं काय राहिलंय. काकांच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. एके दिवशी त्यांनी मला विचारलं, म्हणजे हरणीला विचारलं, "काय गं, नेशील का वजनाला ऐंशी किलोमीटर?"

भाऊ हसले. "दादा, ती पंधरा सेकंदाची घोडी हाय. दिवसभर चालायचं तिचं काम न्हाई."

"पंधरा सेकंद पळायला तिला आपन शिकिवलं. तिनं न्हाई मागितलं," काका म्हणाले. माणसाशी इतक्या हळू आवाजात बोललेलं मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

दीड वर्ष आम्ही तिला तयार केलं. आधी नुसतं चालणं, मग दुडकी, चाळीस किलोमीटरची एक राइड, ती पास. मग साठची आली, आणि ती नेमकी काकांच्या गावावरून जाणारी, शेवटही गावच्या माळावर. हरणी सुरेख आली. शेवटच्या वळणावर तिचा श्वास माझ्यापेक्षा शांत होता. मी मनात पेढे वाटत होते.

वळण संपलं आणि हलगी कडाडली. अख्खं गाव माळावर लोटलं होतं. भंडाऱ्याची मूठ हवेत गेली, टोप्या उडाल्या, कुणीतरी घाटातली आरोळी ठोकली, "भिर्रर्र!" आणि या सगळ्यांच्या पुढे, भंडाऱ्यानं पिवळे झालेले, दोन्ही हात वर करून उभे होते सोपानकाका. हे त्यांनीच जमवलं होतं. त्यांची घोडी गावात जिंकून येतेय आणि हलगी नाही, ही कल्पनाच त्यांना सुचली नव्हती.

हरणीला मात्र हलगीचा एकच अर्थ माहीत होता: मागून बैल सुटलेत. तिचं अंग माझ्या मांड्यांखाली ताठ झालं. उतरले तेव्हा ती जागच्या जागी नाचत होती. ठोके एकशे आठ. हलगी थांबवली, माणसं मागे हटवली, पाणी ओतलं, पुन्हा ओतलं. नव्वद. ऐंशी. बहात्तर. बहात्तरवर येऊन ते अडकले, आणि कान त्या हलगीवाल्या विलासकडेच. वीस मिनिटं संपली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर फुली मारली. पायात काही नाही, पोटात काही नाही, घोडी धडधाकट, आणि बाद. मी माळावर बसून हुंदके देऊन रडले. लोकांना वाटलं मी दमले.

 आठ दिवसांनी मी गेले तेव्हा काकींनी नुसतं गोठ्याकडे बोट दाखवलं. तिथे काकांचा एक फळा होता, कंपनीतल्यासारखाच. तीन रकाने: बिघाड, कारण, उपाय. नाल निसटल्यापासून तंग घासण्यापर्यंत सगळं त्यावर लिहिलेलं असे. त्या दिवशी शेवटच्या ओळीत होतं: 'बिघाड: ठोके उतरले नाहीत. कारण: सोपान.' तिसरा रकाना कोरा होता.

"अहो काका, कुणालाही वाटलं असतं," मी म्हटलं.

"कुनालाबी न्हाई. मी तिला वाढिवली. मला ठावं पायजे हुतं." आणि ते माझ्याकडे बघून, मला उद्देशून म्हणाले, "म्याडम, तुमी दमला नव्हता. रडत हुता. मी बघितलं."

उपायाचा रकाना भरायला त्यांनी खूप खटपट केली. विलास रोज लांब बांधावर उभा राहून हलगी वाजवी आणि काका हरणीला हातानं कोंडा चारत. आधी अर्ध्या मैलावरून, मग शंभर पावलं अलीकडे. तीन महिन्यांनी तिची धडपड कमी झाली, पण कान काही खाली येईनात आणि बोटांखालचे ठोके खोटं बोलेनात. फळ्यावरचा रकाना कोराच राहिला. हरणी आता तेरावं संपवत आली होती. त्या हंगामाची शेवटची राइड ऐंशीची होती, पुन्हा गावच्या माळावर संपणारी. माझी नाशिकला बदली ठरली होती. यंदा नाही तर हरणीची ऐंशी कधीच नाही, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं, त्यामुळे कुणी ते बोलत नव्हतं.

राइडच्या आधल्या रविवारी काका गावच्या देवळापुढे उभे राहिले. असं उभं राहून बोलायची त्यांना अजिबात सवय नव्हती.

"तुमी समदे या," ते म्हणाले. "पर आवाज करू नका. हलगी आना, पर वाजवू नका. टाळी न्हाई, शिट्टी न्हाई. डागतरीनबाई पास म्हनंपर्यंत कुनी खोकायचंबी न्हाई."

"आपल्या गावची घोडी येनार आन् आमी मयताला आल्यावानी उभं ऱ्हायचं व्हय?" कुणीतरी मागून विचारलं. हशा पिकला.

काकांनी हशा संपू दिला. "एक डाव मी वाजिवलं, आन् घोडी हरली," ते म्हणाले. "मी हारवली तिला. आता तुमच्या हातात हाय."

मग कुणी हसलं नाही. भाऊसुद्धा.

राइडच्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. तीस, तीस आणि वीस असे तीन टप्पे. पहिल्या दोन टप्प्यांत हरणी आयुष्यभर हेच करत आल्यासारखी चालली. प्रत्येक थांब्याला ताडपत्री, पिवळे गोल, काका, त्यांच्या शेजारी प्रसाद. मी उतरायचं, केळं खायचं, गप्प बसायचं. दुसऱ्या तपासणीला ठोके बारा मिनिटांत साठ. डॉक्टरीणबाई तिच्या मानेवर थाप मारून म्हणाल्या, "आजी काही थकत नाहीत."

शेवटच्या टप्प्यात एकच थांबा होता, गावाच्या अलीकडे, ओढ्यापाशी. मी तिथे पोचले तर ताडपत्री अंथरलेली, बादल्या भरलेल्या, आणि काका नाहीत. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा नाहीत. 

"कुठे गेले?"

 प्रसाद पिवळ्या रेघांवरून डावीकडून उजवीकडे चालला होता. तंग सैल, पहिली बादली, मान, छाती, पायांच्या आतून, निपट, दुसरी बादली, हिरडी, नाल. एकही वस्तू त्याला शोधावी लागली नाही. मी चौकोनातली बाटली उचलली आणि प्यायले, कारण ते राहिलं असतं तर मलाच चापट बसली असती. जबड्याखालून बोटं काढून प्रसाद म्हणाला, "अठ्ठावन्न. जा. काका पुढे गेलेत, वाटेत लग्नाची वरात आहे."

वरात! गावाच्या वेशीपाशी, नेमक्या आमच्या वाटेवर. बँडवाल्यांची लाल-सोनेरी गाडी मला लांबूनच दिसली, आणि मी लगाम आवळला. मग लक्षात आलं की आवाजच नाहीये. जवळ गेले. कर्णेवाले कर्णे काखेत धरून उभे. ढोलवाल्यानं ढोलावर उपरणं टाकलेलं. दोनशे वऱ्हाडी रस्त्याच्या एका अंगाला सरकून मूग गिळून उभे. मधोमध पांढऱ्या घोडीवर फेटा बांधलेला नवरदेव, आणि त्या घोडीचा लगाम धरून, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवून, सोपानकाका. नवरदेवानंही ओठांवर बोट ठेवलं होतं. एक आत्याबाई हसू दाबायला पदराचा बोळा तोंडात धरून थरथरत होत्या. हरणीनं एक कान वरातीकडे केला, त्या सजलेल्या घोडीकडे तुच्छतेनं बघितलं आणि पुढे गेली. आम्ही ओलांडून गेल्यावरही मागे बराच वेळ बँड सुरू झाला नाही. काकांनी त्यांना किती मोजायला सांगितलं होतं कुणास ठाऊक.

माळावर गाव उभं होतं. साठच्या राइडपेक्षा दुप्पट माणसं. विलासनं हलगी छातीशी धरली होती, तळहात कातड्यावर घट्ट दाबून, जशी काही ती आपणहून वाजेल. बायका, म्हातारे, कंपनीच्या युनिफॉर्ममधले शिफ्टवरून आलेले गडी. कुणी हललं नाही. मी त्यांच्यामधून हरणीला चालवत आणलं आणि मला फक्त तिच्या नालांचा आवाज येत होता.  इतका मोठा सत्कार माझा कधी झाला नाही, आणि तोही माझा नव्हता.

काका बांधावरून मोपेड हाणत आमच्याआधी पोचले होते. पाणी, निपट, पाणी. अकरा मिनिटांनी ते म्हणाले, "चला." डॉक्टरीणबाईंनी नळी लावली. बासष्ट. हिरड्या बघितल्या, पोट ऐकलं, कातडी चिमटीत धरून सोडली. आता राहिलं पळवून दाखवणं. घोड्याला हातात धरून तीस-चाळीस पावलं दुडकी न्यायचं आणि आणायचं, म्हणजे लंगडत असेल तर दिसतं. हे काम प्रसादचं, कारण काकांचा गुडघा.

प्रसाद पळाला. हरणी चालली. तिला दुडकी मारायची इच्छाच नव्हती. ऐंशी किलोमीटर झाले, आता हा माणूस का ओढतोय, असा चेहरा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं नाही कळणार. पुन्हा एकदा. नाही पळाली तर मला पास करता येणार नाही."

काकांनी पुढे होऊन प्रसादच्या हातातून दोर घेतला. मी "काका, गुडघा" म्हणेपर्यंत त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली होती. ते हरणीच्या कानाशी काहीतरी कुजबुजले आणि पळाले. नीट, ताठ मानेनं, सेफ्टी शूज आपटत, सदुसष्टाव्या वर्षी. हरणी त्यांच्या खांद्याला खांदा लावून पळाली. लयीत, चारही पाय सारखे टाकत. जाताना आणि येताना. त्या दोघांत एकच लंगडत होतं, आणि ते घोडी नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलं. मग त्यांनी मान वर केली, त्या गप्प गावाकडे बघितलं, आणि त्यांचा स्वतःचाच आवाज खाली आला. "पास," त्या कुजबुजल्या.

कुणी ओरडलं नाही. सगळे काकांकडे बघत होते. काका धापा टाकत हरणीला घेऊन माळाच्या पार टोकाला, विहिरीपलीकडच्या चिंचेखाली गेले. मी त्यांची टोपी घेऊन मागे. तिथे लसूणघास मांडून ठेवला होता. हरणीनं तोंड घातलं, तेव्हा त्यांनी वळून एक हात वर केला.

मी आयुष्यात तशी हलगी ऐकलेली नाही. दोन तास दाबून धरलेलं सगळं एकदम फुटलं. वेशीवरचा बँडही तिकडून आला. भंडाऱ्यानं माळ पिवळा झाला. काका मात्र हरणीच्या जबड्याखाली बोटं ठेवून उभे होते, आणि दुसऱ्या हाताची बोटं रिकाम्या बादलीवर हलगीचा ठेका धरत होती. त्यांना बहुतेक ते कळतही नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "जा."

"हिला कोन बघंल?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, चष्म्याच्या वरून, वजन बघावं तसं. मग स्पंज माझ्या हातात दिला. "मानंवर," ते म्हणाले.

"पाठीवर नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातातून टोपी घेतली, डोक्यावर नीट बसवली आणि दबत्या पायानं माळाकडे चालू लागले. गर्दीनं त्यांना कसं घेतलं ते दिसलं नाही. धाकट्या भावानं खांद्यावर उचललं तेव्हा दिसले. मग ते खाली उतरले आणि नाचू लागले. एक पाय धड, एक पाय अधू, दोन्ही हात वर, अंग पिवळंधमक. दोनच दिवसांनी मी नाशिकला गेले, त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं.

फळ्याचं नंतर प्रसादनं फोनवर सांगितलं. तिसऱ्या रकान्यात आता एकच शब्द आहे: गाव.

तेव्हा मला ते माहीत नव्हतं. तेव्हा मी चिंचेखाली बादलीशेजारी उभी होते. हलगी चढत होती आणि हरणीचे कान ताठ झाले होते. मी तिच्या जबड्याखाली दोन बोटं ठेवली, घड्याळाकडे बघितलं आणि मोजायला लागले.